वणीच्या खाणी आणि तिमाही नफ्याचे गणित

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गासाठी केलेल्या भाषणाचा मजकूर)



यवतमाळ जिल्ह्याचे नाव घेतले की कापूस आठवतो आणि कापसाबरोबर शेतकऱ्याच्या डोक्यावरचे कर्जही आठवते. परंतु याच जिल्ह्याच्या पूर्वेकडील टोकाला, वर्धा नदीच्या अलीकडे, वणी तालुक्यात काळ्या मातीखाली दुसरे काळे धन आहे. उकणी, जुनाड, कोलारपिंपरी, घोन्सा ही नावे आज गावांपेक्षा कोळशाच्या खाणींची नावे म्हणूनच अधिक ऐकू येतात. या खाणी वेस्टर्न कोलफील्ड्स लिमिटेड, म्हणजे लोकांच्या तोंडी असलेल्या ‘वेकोलि’च्या. वेकोलिचे मुख्यालय नागपुरात आहे आणि ती कोल इंडिया लिमिटेडची संपूर्ण मालकीची उपकंपनी आहे. १९७३ साली बिगर-कोकिंग कोळशाच्या खाणींचे राष्ट्रीयीकरण झाले, १९७५ साली कोल इंडिया स्थापन झाली आणि २०१० च्या नोव्हेंबरात तिचे शेअर बाजारात नोंदले गेले. आज सरकारकडे सुमारे ६३ टक्के भाग आहेत. उरलेले देशी-विदेशी वित्तसंस्था आणि लहानमोठे भागधारक यांच्याकडे आहेत.

शेअर बाजारात उतरलेल्या कंपनीला दर तीन महिन्यांनी आपला हिशेब जाहीर करावा लागतो. सेबीच्या २०१५ सालच्या नियमावलीनुसार तिमाही संपल्यापासून ४५ दिवसांच्या आत हे निकाल प्रसिद्ध झाले पाहिजेत. वर्षअखेरच्या हिशेबाला ६० दिवसांची मुदत आहे. वृत्तपत्रांच्या अर्थविषयक पानावर नफा इतके टक्के वाढला किंवा घटला, एवढा एक ठळक आकडा येतो. त्या आकड्यावर भागाची किंमत हलते, अंतरिम लाभांश ठरतो, वेतनाच्या वाटाघाटीत तो कामगारांच्या तोंडावर फेकला जातो आणि ‘ही खाण परवडत नाही’ असे सांगतानाही त्याचाच आधार घेतला जातो. म्हणून प्रश्न असा की, हा आकडा येतो कोठून? कोळसा जसा जमिनीतून निघतो तसा नफा निघत नाही. तो काही निवडक नियम लावून काढावा लागतो. त्या नियमांना हिशेबाची धोरणे म्हणतात. धोरण बदलले की नफा बदलतो, आणि तोही कोळशाचा एक तुकडा इकडचा तिकडे न होता. ही गोष्ट जितकी साधी आहे तितकीच ती श्रमिकांच्या चळवळीत दुर्लक्षित राहिली आहे.

सप्टेंबरअखेरचा शेतकरी

हा विषय समजण्यासाठी चार्टर्ड अकाउंटंट होण्याची गरज नाही. जिल्ह्यातला कोणताही कोरडवाहू कापूस उत्पादक पाहावा. मृगाच्या पावसावर तो पेरणी करतो. बियाणे, खते, निंदण, डवरणी, फवारणी हा सारा खर्च जून ते सप्टेंबरमध्ये होतो. पहिली वेचणी मात्र दसरा-दिवाळीच्या सुमारास येते. आता ३० सप्टेंबरला कोणी त्याचा तिमाही हिशेब मांडायचे ठरवले तर? एका पद्धतीने खर्च झाला तो झाला, जमा काहीच नाही, सबब शेतकरी पूर्ण तोट्यात. दुसऱ्या पद्धतीने झालेला खर्च उभ्या पिकात आहे, ते पीक ही त्याची मत्ता आहे, सबब तोटा नाही. शेत तेच, शेतकरी तोच, तारीखही तीच. उत्तरे मात्र दोन. दोन्ही उत्तरे प्रामाणिक असू शकतात, परंतु एका अटीवर: कोणती पद्धत वापरली ते उघड सांगितले पाहिजे आणि सोयीप्रमाणे ती बदलता कामा नये.

अंतरिम हिशेबाचे शास्त्र या एका अटीभोवती उभे आहे. भारतीय लेखामानक क्रमांक ३४ याच विषयाचे आहे. त्याचा सारांश असा: वार्षिक हिशेबाला जी धोरणे लावली जातात तीच तिमाही हिशेबाला लावावीत, मधल्या काळात धोरण बदलले असेल तर तो बदल व त्याचा परिणाम सांगावा, आणि वर्षभरात असमान रीतीने येणारा खर्च केवळ आकडे गुळगुळीत दिसावेत म्हणून पुढेमागे ढकलू नये. वर्षअखेरीस जो खर्च पुढे ओढता येणार नाही, तो तिमाहीअखेरीसही पुढे ओढता येत नाही. खाणीला ही अट विशेष लागू पडते, कारण खाणीलाही हंगाम असतो. पावसाळ्यात उघड्या खाणीत पाणी भरते, उत्पादन घटते, परंतु यंत्रांचा घसारा आणि कामगारांचे वेतन थांबत नाही. म्हणून जुलै-सप्टेंबरची तिमाही एप्रिल-जूनशी ताडून पाहणे व्यर्थ. ती मागील वर्षाच्या जुलै-सप्टेंबरशीच ताडली पाहिजे.

मातीच्या डोंगरांचा हिशेब

वणीच्या रस्त्याने जाणाऱ्याला आधी कोळसा दिसत नाही. दिसतात ते मातीचे डोंगर. उघड्या खाणीत कोळशाच्या थरावरची माती आणि दगड आधी काढावे लागतात. कामगार त्याला ‘ओबी’ म्हणतात. एक टन कोळशासाठी किती घनमीटर माती काढावी लागते, यावर खाणीचे सारे अर्थकारण अवलंबून असते.

समजा, एका खाणीच्या संपूर्ण आयुष्यात सरासरीने टनामागे पाच घनमीटर माती काढावी लागणार आहे. पहिल्या वर्षांत कोळसा वर असल्याने तीनच घनमीटर काढावी लागली. खर्च कितीचा मांडायचा? प्रत्यक्ष काढलेल्या तीनचा, की सरासरीच्या पाचचा? पाचचा मांडला तर आजचा नफा कमी दिसेल, पण उद्या माती अधिक काढावी लागेल तेव्हा धक्का बसणार नाही. तीनचा मांडला तर आजचा नफा फुगेल आणि उद्याच्या पिढीच्या खात्यात खर्च जाईल. कोल इंडियाच्या मोठ्या उघड्या खाणींत अनेक वर्षे सरासरी प्रमाणावर खर्च मांडण्याची आणि फरक समायोजित करण्याची पद्धत होती.

ही पद्धत पुढे बदलली, आणि बदलाचे परिणाम कोणत्याही कार्यकर्त्याने वहीत टिपून ठेवावेत असे आहेत. २०२२-२३ या वर्षाचा एकत्रित निव्वळ नफा मे २०२३ मध्ये प्रथम जाहीर झाला तेव्हा तो सुमारे २८,१२५ कोटी रुपये होता. वर्षभराने, २०२३-२४ चे निकाल जाहीर झाले तेव्हा तुलनेसाठी त्याच २०२२-२३ चा नफा ३१,७०० कोटी रुपयांच्या पुढे दाखवला गेला. जानेवारी ते मार्च २०२३ या एका तिमाहीचा नफा प्रथम सुमारे ५,५२८ कोटी होता. तोच नंतर सुमारे ६,८७० कोटी झाला. माती काढण्याच्या खर्चाचे धोरण बदलले आणि मागील आकडे नव्या धोरणानुसार पुन्हा मांडले गेले, हे त्याचे कारण. ते वर्ष केव्हाच संपले होते. त्या वर्षात निघालेला कोळसा निघून, जळून त्याची राख झाली होती. तरीही त्याचा नफा साडेतीन हजार कोटींहून अधिक रकमेने वाढला!

यात काही बेकायदेशीर आहे असे मुळीच नाही. लेखामानकाची आज्ञाच अशी आहे की, धोरण बदलले तर मागील वर्षेही नव्या धोरणाने मांडावीत, म्हणजे तुलना खरी राहील. नव्या धोरणाच्या बाजूनेही युक्तिवाद आहे: जी माती अद्याप काढलेलीच नाही तिच्या खर्चाचे ‘देणे’ आजच कसे मानायचे? हिशेबशास्त्राच्या दृष्टीने हा प्रश्न बिनतोड आहे. परंतु समाजाच्या दृष्टीने त्याच्या शेजारी दुसरा प्रश्न उभा राहतो. जी रक्कम काल उद्यासाठी राखलेली दिसत होती ती आज नफ्यात आणि भागधारकांच्या निधीत दिसू लागली, तर उद्या खाण खोल जाईल, माती वाढेल, तेव्हा तो खर्च कोणाच्या नावावर पडेल? त्या वेळी ‘टनामागचा खर्च वाढला, खाण परवडत नाही’ असे सांगितले जाईल. आणि ऐकणारा कामगार आजचा हिशेब विसरलेला असेल.

वेतनाचे खापर

दुसरे उदाहरण अधिक जिव्हाळ्याचे आहे. कोळसा कामगारांचा अकरावा राष्ट्रीय वेतन करार १ जुलै २०२१ पासून लागू व्हायचा होता. वाटाघाटी लांबल्या. १९ टक्के किमान हमी लाभावर ३ जानेवारी २०२३ रोजी एकमत झाले आणि संपूर्ण करारावर २० मे २०२३ रोजी सह्या झाल्या. म्हणजे जवळजवळ दोन वर्षे कामगार जुन्या वेतनावर राबत होता आणि नव्या वेतनाचे देणे साचत होते.

या साचलेल्या देण्याचा मोठा भार हिशेबात केव्हा आला? जानेवारी-मार्च २०२३ या एका तिमाहीत. त्या तिमाहीत वेतनवाढीसाठी सुमारे ५,८७० कोटी रुपयांची तरतूद करण्यात आली. नफा आदल्या वर्षीच्या त्याच तिमाहीपेक्षा सुमारे १८ टक्क्यांनी घटला आणि बातम्यांचा मथळा झाला तो वेतनाच्या तरतुदीने नफा घटल्याचा. साध्या बेरजेनेही कळते की ही तरतूद नसती तर नफा घटण्याऐवजी वाढलेला दिसला असता. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की हा खर्च त्या तीन महिन्यांचा नव्हताच. तो २०२१ च्या जुलैपासून केलेल्या श्रमाचा होता. मधल्या तिमाहींचे जे नफे एवढे गोमटे दिसले, त्यांत कामगाराच्या न दिलेल्या मजुरीचा वाटा होता. तो वाटा नंतर एकदम वजा झाला तेव्हा दोष मात्र मजुरीला लागला.

आता याच्या शेजारी लाभांशाच्या तारखा ठेवाव्यात. त्याच २०२२-२३ वर्षासाठी दर भागामागे नोव्हेंबर २०२२ मध्ये १५ रुपये आणि जानेवारी २०२३ च्या अखेरीस ५ रुपये २५ पैसे अंतरिम लाभांश जाहीर झाला. अखेरचा लाभांश ४ रुपयांचा होता. कंपनीचे सुमारे ६१६ कोटी भाग आहेत, तेव्हा केवळ १५ रुपयांचा पहिला हप्ता ९,२०० कोटींच्या वर जातो. वर्षाच्या एकूण २४ रुपये २५ पैशांपैकी २० रुपये २५ पैसे असे आहेत की ते वेतनाच्या मोठ्या तरतुदीचा आकडा लोकांपुढे येण्याआधीच जाहीर होऊन गेले. या लाभांशातील मोठा भाग सरकारी तिजोरीत, म्हणजे जनतेकडे जातो हे खरे. त्याबद्दल तक्रार नाही. प्रश्न क्रमाचा आहे. भागधारकाला अंतरिम हिशेबावर अंतरिम लाभांश मिळतो. ज्याने कोळसा काढला त्याला मात्र अंतरिम असे काही नसते. तो कराराची वाट पाहतो आणि करार झाला की त्याच्याच थकबाकीला ‘नफ्यावरील बोजा’ म्हटले जाते.

कार्यकर्त्याने येथे एक भेद नीट ध्यानात घ्यावा. मातीचे प्रकरण हे धोरणातील बदलाचे आहे. वेतनाचे प्रकरण अंदाजातील बदलाचे आहे. धोरण बदलले तर मागील हिशेब पुन्हा मांडतात. अंदाज बदलला तर मागचे तसेच राहते आणि साऱ्या फरकाचा भार चालू काळावर पडतो. त्यामुळे पहिल्या बदलाने जुना नफा मागे जाऊन वाढतो, तर दुसऱ्याने चालू नफा एकदम कोसळतो. दोन्ही गोष्टी नियमानुसारच होतात. परंतु ज्याला हा भेद ठाऊक नाही, त्याला भागधारकाचे भाग्य आणि कामगाराचे ओझे या निसर्गाच्याच गोष्टी वाटू लागतात.

न दिसणाऱ्या गोष्टी

तिमाही निकालात काय असते याइतकेच काय नसते हेही पाहिले पाहिजे.

पहिली गोष्ट म्हणजे त्यात घोन्सा नसते, उकणी नसते. वणी हे नावही नसते. साऱ्या उपकंपन्यांचा एकत्रित हिशेब येतो आणि धंद्याचा विभाग एकच मानला जातो, तो म्हणजे कोळसा. तेव्हा अमुक खाण तोट्यात आहे असे सांगितले जाते त्याचा पडताळा जाहीर निकालातून घेता येत नाही. खाणीवर नागपूरच्या कार्यालयाचा किती खर्च लादला, यंत्रांचा घसारा कसा वाटला, कोळशाची प्रत कोणती धरली, यांवर एकेका खाणीचा नफा-तोटा ठरतो. आणि ही वाटणी बंद दाराआड होते.

दुसरी गोष्ट कंत्राटी कामगाराची. कोल इंडिया शेअर बाजारात उतरली तेव्हा तिच्याकडे सुमारे ४ लाख कर्मचारी होते. २०२३ साली ते सुमारे २ लाख ४० हजारांवर आले. कोळसा मात्र वाढला. हे वाढीव काम बऱ्याच अंशी कंत्राटदारांची यंत्रे आणि कंत्राटदारांची माणसे करतात. हिशेबात कायम कामगाराची मजुरी ‘कर्मचारी खर्च’ या नावाखाली येते, तर कंत्राटी माणसाची मजुरी ‘कंत्राटी खर्चा’त डिझेल आणि कंत्राटदाराच्या नफ्यासकट विरघळून जाते. मग ‘कर्मचारी खर्चाचे प्रमाण घटले’ ही कार्यक्षमतेची खूण म्हणून मिरवता येते.

तिसरी गोष्ट कोळशाच्या ढिगांची. कंपनीचे जाहीर धोरण असे आहे की, पुस्तकातील साठा आणि प्रत्यक्ष मोजलेला साठा यांतील तफावत ५ टक्क्यांपर्यंत असेल तर पुस्तकातील साठाच हिशेबात धरावा. मोजणीची अडचण पाहता काही मोकळीक आवश्यक आहे. परंतु पुस्तकात १० लाख टन असतील तर ५० हजार टनांची तूट हिशेबाला स्पर्श न करता राहू शकते, एवढे तरी नागरिकांना ठाऊक असावे. शिवाय तिमाही हिशेबाची पूर्ण तपासणी होत नाही. हिशेब तपासनीस त्याचे केवळ मर्यादित पुनर्विलोकन करतात. मुख्यतः विचारपूस आणि आकड्यांची छाननी. महालेखापरीक्षकांची पुरवणी तपासणी असते ती वार्षिक हिशेबाची.

चौथी गोष्ट सर्वांत दूरची आणि म्हणून सर्वांत धोक्याची: खाण बंद झाल्यावर जमिनीचे काय? केंद्र सरकारच्या २००९ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रत्येक खाणीचा बंद करण्याचा आराखडा असावा लागतो आणि उघड्या खाणीसाठी त्या वेळच्या दराने हेक्टरी ६ लाख रुपये या हिशेबाने रक्कम वेगळ्या बँक खात्यात टाकावी लागते. कंपनीच्या ताळेबंदात या कामासाठी तरतूद असते. पण ती भविष्यातील खर्चाचे आजचे मूल्य काढून केलेली असते. वीस वर्षांनी लागणारे १०० रुपये ८ टक्के दराने आजच्या ताळेबंदात साधारण साडेएकवीस रुपये होतात. गणित चोख आहे. मात्र खर्चाचा मूळ अंदाजच कमी धरला असेल, तर वीस वर्षांनी मातीचा डोंगर आणि पाण्याने भरलेला खड्डा एवढाच वारसा गावाला मिळेल. आणि तोवर दर तिमाहीचा नफा तेवढ्या प्रमाणात गोंडस दिसत राहिलेला असेल.

करावयाचे काम

तिमाही हिशेब हे काही सृष्टीचे विधान नाही. युरोपीय संघाने २०१३ साली आपल्या कंपन्यांवरील तिमाही अहवालाची सक्ती काढून टाकली. अल्पकाळाच्या आकड्यामागे धावण्याची वृत्ती वाढते हे त्यामागचे एक कारण होते. परंतु भारतात हे निकाल बंद व्हावेत अशी मागणी करणे शहाणपणाचे ठरणार नाही. जो थोडासा प्रकाश पडतो तोही मालवून श्रमिकांचा काय लाभ? मागणी उलट दिशेची हवी. जो हिशेब शेअर बाजारासाठी तीन महिन्यांत मांडता येतो, तो वणीच्या माणसासाठी वर्षातून एकदा तरी मांडता आला पाहिजे.

त्यासाठी संघटनांनी काही निश्चित आग्रह धरावेत. खाणनिहाय उत्पादन, काढलेली माती, विक्री आणि खर्च यांचे वार्षिक पत्रक मराठीत प्रसिद्ध व्हावे. वेतन कराराची मुदत संपली की त्याच तिमाहीपासून अपेक्षित वाढीची पुरेशी तरतूद सुरू व्हावी आणि ती टिपेत स्वतंत्र दाखवावी. कंत्राटी खर्चातील मजुरीचा भाग वेगळा दाखवावा. खाण बंद करण्याचा आराखडा, त्याच्या खात्यातील शिल्लक आणि खर्चाचा अंदाज संबंधित ग्रामसभेपुढे ठेवावा. २००५ चा माहिती अधिकार कायदा वेकोलिला लागू आहे. या गोष्टी लेखी मागता येतात. नकार आला तर तो नकारही एक पुरावाच असतो.

आणि संघटनांनी स्वतःसाठीही एक शिस्त लावून घ्यावी. निकाल प्रसिद्ध होताच ठळक आकडा वाचून घोषणा देण्याआधी खालच्या बारीक टिपा वाचाव्यात. तेथे चार प्रश्न विचारावेत: धोरण बदलले आहे काय? अंदाज बदलला आहे काय? तुलनेचे आकडे त्याच धोरणाने मांडले आहेत काय? आणि जे देणे साचले आहे ते अद्याप कोठे दिसत नाही काय? प्रत्येक खाणीवर दोन तरुण कामगार या वाचनात तयार झाले, तरी वाटाघाटीच्या टेबलावरचे चित्र पालटेल. कापसाच्या हंगामात व्यापाऱ्याच्या काट्याकडे डोळ्यांत तेल घालून पाहणारा हा जिल्हा आहे. काटा कोणाच्या हातात आहे हे पाहण्याची त्याची सवय जुनी आहे. ती आता ताळेबंदाकडेही वळली पाहिजे.

राष्ट्रीयीकरणाने खाणीची मालकी बदलली, हे मोठे पाऊल होते. परंतु मालकाला आपला हिशेब वाचता येत नसेल, तर त्याच्या नावाने कारभार दुसरेच करतात. सार्वजनिक मालकीचा अर्थ पुरा व्हायचा असेल तर हिशेबही सार्वजनिक व्हावा लागेल. नुसता छापलेला नव्हे, तर ज्याच्या श्रमातून आणि ज्याच्या जमिनीतून तो उभा राहिला त्याला समजणारा.